रुग्णाचा कौल



ज्या कैलासवासी डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचा गुणगौरव करून मगच विषयाकडे वळावे, असा येथला शिरस्ता आहे. परंतु स्तुती ऐकण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा होता हे त्यांच्या सहवासातील मंडळी जाणतातच, तेव्हा त्यांच्या आवडीचे जे काम, म्हणजे रुग्णाविषयी बोलणे, तेच एकदम सुरू करण्याची परवानगी मी आपणापाशी मागतो. वैद्यकातील उपचारांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे आणि ती लागू करताना ज्याच्या देहावर ती लागू करायची त्या माणसाच्या मताला असणारे स्थान, हा आजचा विषय आहे.

गेल्या काही वर्षांत ज्यांच्या घरी एखादी शस्त्रक्रिया झाली असेल, त्यांच्या हातून संमतिपत्र नावाचा एक कागद गेला असेल. हातून गेला असेल असे मी म्हणतो, कारण तो वाचला गेला असेल असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरे पुसट झालेला, बहुधा इंग्रजी, शस्त्रक्रियेच्या नावाची जागा कोरी आणि सहीच्या जागी पेन्सिलीने केलेली बारीकशी फुली, असा तो दस्तऐवज. रात्रीचे दहा वाजलेले, सिस्टर घाईत, ‘इथे, इथे आणि मागच्या बाजूला’ एवढेच तिचे निवेदन, आणि सही करणारा मुलगा किंवा जावई. ज्याच्या पोटावर सकाळी शस्त्र चालायचे तो इसम चार हातांवर खाटेवर पडून ‘काय लिहून घेतात रे?’ असे विचारतो, आणि ‘काही नाही, नेहमीचंच आहे’ असे उत्तर त्याला मिळते.

अशा कागदाची किंमत किती, याचा एक निवाडा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिला. दिल्लीतील चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित स्त्री पाळीच्या वेळच्या दीर्घ रक्तस्रावाची तक्रार घेऊन १९९५ साली एका खासगी दवाखान्यात गेली. तिने सही केलेल्या कागदावर दुर्बिणीच्या तपासणीचा, आणि गरज पडल्यास पोट उघडण्याचा, उल्लेख होता. गर्भाशय काढण्याचा नव्हता. ती भुलीखाली असताना मदतनीस डॉक्टर बाहेर आली, बाहेर थांबलेल्या रुग्णाच्या आईची संमती तिने घेतली, आणि त्या संमतीच्या जोरावर गर्भाशय, बीजकोश आणि बीजवाहिन्या काढून टाकण्यात आल्या. न्यायालयाने सांगितले की, रुग्ण सज्ञान होती, शहाणी होती, काही तासांत शुद्धीवर येणार होती आणि तिच्या जिवाला तत्काळ धोका नव्हता. अशा स्थितीत आईची संमती ही तिची संमती होऊ शकत नाही. डॉक्टरने सद्हेतूने काम केले हे मान्य करूनही न्यायालयाने त्या डॉक्टरची फी रद्द केली आणि पंचवीस हजार रुपये भरपाई देवविली. रक्कम पाहून कोणी हसेल. परंतु तत्त्व मोठे आहे, आणि ज्या देशात लग्न, शेत आणि शिक्षण यांबाबतचे निर्णय वडीलधाऱ्यांच्या बैठकीत होतात, त्या देशात ते अधिकच मोठे आहे.

तथापि त्याच निवाड्यात एक दार अर्धेच उघडले गेले. रुग्णाला काय आणि किती सांगावे, याचे माप न्यायालयाने वैद्यकवर्गाच्या मान्य प्रघाताच्या हाती ठेवले. सात वर्षांनी, २०१५ मध्ये, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हे माप बदलले. स्कॉटलंडमधील एक मधुमेही, लहान चणीची माता. बाळाचे खांदे प्रसूतीत अडकण्याची शक्यता तिच्याबाबत शेकडा नऊ ते दहा. पण हे सांगितले तर ती शस्त्रक्रियेने प्रसूती मागेल, म्हणून डॉक्टरने सांगितले नाही, आणि १९९९ मध्ये जन्मलेले मूल कायमचे अपंग झाले. त्या स्थितीतील समंजस माणसाला जी गोष्ट महत्त्वाची वाटेल ती सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्य होय, असा फैसला झाला. आमच्याकडे मात्र भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांतले शस्त्रक्रियेपूर्वीच्या लेखी संमतीचे कलम पाहिले, तर त्यात संमती देणारांची नावे ‘पती किंवा पत्नी, अज्ञान मुलाचे आईबाप किंवा पालक, अथवा स्वतः रुग्ण’ या क्रमाने आलेली दिसतात. कायद्याच्या पंडितांनी या क्रमाला फारसा अर्थ नाही असे म्हणावे. मला तो क्रम वाचून रुग्णालयाच्या व्हरांड्यातला देखावा आठवतो.

आता मार्गदर्शक तत्त्वांकडे वळू. त्यांची गरज का पडली हे समजण्यासाठी १९३८ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी ॲलिसन ग्लोव्हर या इंग्रज आरोग्याधिकाऱ्याने शाळकरी मुलांच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांची जिल्हावार मोजदाद मांडली, तेव्हा असे आढळले की, हवापाणी तेच, राहणी तीच, तरी एका ठिकाणचे प्रमाण शेजारच्या ठिकाणाच्या कित्येक पट. पस्तीस वर्षांनंतर अमेरिकेच्या व्हर्माँट संस्थानात जॉन वेनबर्ग यांनी हाच प्रकार पुन्हा दाखविला: एका भागातील निम्म्याहून अधिक मुलांचे टॉन्सिल पंधराव्या वर्षाच्या आत निघण्याच्या मार्गावर, तर लगतच्या भागात पाचांत एखाद्याचे. शस्त्रक्रिया कोणावर व्हायची हे त्या त्या गावच्या डॉक्टरच्या मतावर ठरत होते, आणि त्या मताची रुजुवात कोणी घेत नव्हते. या अनागोंदीवर उतारा म्हणून, झालेले प्रयोग गोळा करावेत, त्यांची प्रत पाहावी आणि तज्ज्ञांच्या समितीने अमुक रोगात अमुक करावे असे लिहून द्यावे, ही पद्धत रूढ झाली. तिची थट्टा करणारांपैकी मी नाही. क्षयरोगाची औषधे किती महिने घ्यावीत, हगवणीने सुकलेल्या बालकाला मीठसाखरपाणी द्यावे की नाही, हे प्रश्न प्रत्येक दवाखान्यात नव्याने सोडवायचे नसतात, आणि तेथे रुग्णाच्या आवडीनिवडीला फारसा वावही नसतो.

परंतु वैद्यकातील पुष्कळ प्रश्न या जातीचे नाहीत, आणि हे वेनबर्ग यांनाच पुढे उमगले. मेन संस्थानात पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियांत असाच गावोगावचा फरक आढळला, तेव्हा तेथील मूत्ररोगतज्ज्ञांत दोन पक्ष दिसले. ग्रंथी वेळीच काढली तर पुढची अरिष्टे टळून आयुष्य वाढते, असे एका पक्षाचे म्हणणे. त्रास असेल तरच हात घालावा, असे दुसऱ्याचे. हिशेब मांडल्यावर आयुष्य वाढण्याचा दावा टिकला नाही. मग उरले काय? रात्री चार वेळा उठावे लागणे, धार बारीक होणे, प्रवासात जीव टांगणीला लागणे हे एका बाजूला, आणि शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांच्या कामजीवनात होणारा बदल दुसऱ्या बाजूला. या दोहोंची तुलना कोणत्या प्रयोगशाळेत करणार? सारख्याच लक्षणांचे दोन गृहस्थ घ्या. एकाला रोज एसटीने तालुक्याला जावे लागते म्हणून तो बेजार, दुसऱ्याच्या अंगणातच मोरी आहे म्हणून तो निवांत. मायकेल बॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांसाठी एक चित्रफीत तयार केली, आणि तिच्यात हाच विकार असलेल्या दोन डॉक्टरांच्याच मुलाखती घातल्या, ज्यांपैकी एकाने शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि दुसऱ्याने थांबणे पसंत केले होते. पुढे १९९४ साली अमेरिकन सरकारच्या संस्थेने या विकाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत मध्यम आणि तीव्र त्रासाच्या रुग्णांपुढे सर्व पर्याय ठेवून त्यांच्या पसंतीप्रमाणे चालावे असे लिहिले गेले. तज्ज्ञांच्या समितीने स्वतःहून आपला कौल रुग्णाच्या हाती दिल्याचे ते आरंभीचे ठळक उदाहरण होय.

असा हात मागे घेणारे तज्ज्ञ थोडे. बहुतेक मार्गदर्शिका रोगासाठी लिहिलेल्या असतात, आणि घरातल्या वृद्ध माणसाला एकच रोग असण्याचे भाग्य क्वचितच लाभते. २००५ साली सिंथिया बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लेखात ७९ वर्षांची एक काल्पनिक वृद्धा उभी केली. तिला मधुमेह, रक्तदाब, सांध्यांची झीज, ठिसूळ हाडे आणि जुनाट श्वासविकार असे पाच आजार दिले, आणि प्रत्येकाच्या मान्य मार्गदर्शिकेबरहुकूम इलाज लिहून काढला. बेरीज आली ती अशी: बारा औषधे, दिवसातून पाच वेळा मिळून एकोणीस मात्रा, महिन्याला ४०६ डॉलर खर्च, शिवाय पथ्यांची आणि व्यायामाची यादी, जिच्यातील काही सूचना एकमेकींशी भांडत होत्या. एकेक मार्गदर्शिका आपल्या जागी निर्दोष. त्यांच्या बेरजेने मात्र त्या बाईचा दिवस खाऊन टाकला. ही वृद्धा आपल्याकडे घरोघर आहे. तिच्या उशाशी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो. त्यात औषधवाल्याने कात्रीने चार-चार गोळ्यांपुरत्या कापून दिलेल्या पट्ट्या, कापताना औषधाचे नाव दुसऱ्या तुकड्यावर राहून गेलेल्या. खाकी पाकिटावर एक-शून्य-एक अशी खूण. आणि नातवाला हाक मारून ‘ही पांढरी जेवणाआधीची का नंतरची?’ असा रोजचा प्रश्न. यांपैकी कोणत्या तीन गोळ्या तिच्या खऱ्या उपयोगाच्या, आणि तिला स्वतःला काय हवे आहे, पडू नये हे हवे की पंढरीला एकदा जाऊन यावे हे हवे, हे विचारण्याची जागा मार्गदर्शिकेच्या तक्त्यात नसते.

ती जागा करून देण्याचा एक शिस्तशीर प्रयत्न मात्र झाला आहे. गॉर्डन गायट प्रभृतींच्या ‘ग्रेड’ या पद्धतीत शिफारशींचे दोन वर्ग केले जातात. नीट माहिती दिली असता जवळजवळ सर्वच माणसे जे पत्करतील, त्याची शिफारस सबळ. आणि बरेच जण पत्करतील परंतु पुष्कळ जण नाकारतीलही, त्याची शिफारस सशर्त. सशर्त शिफारस म्हणजे डॉक्टरला दिलेली ताकीदच आहे की, येथे थांब, रुग्णाशी बोल. व्यवहारात होते असे की, मार्गदर्शिकेतला हा भेद चाळता चाळता गळून पडतो, आणि ‘गाइडलाइनमध्ये आहे’ या एका वाक्यात सबळ आणि सशर्त दोन्ही फर्मान होऊन बसतात.

स्तनाच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊ. हॉलस्टेड या शल्यविशारदाच्या काळापासून पाऊण शतकाहून अधिक काळ स्तनासकट छातीचे स्नायूही काढून टाकण्याची रीत होती. १९८५ मध्ये बर्नार्ड फिशर यांच्या प्रयोगाने दाखविले की, लहान गाठ असेल तर केवळ गाठ काढून किरणोपचार दिले तरी जगण्याच्या शक्यतेत फरक पडत नाही. म्हणजे निवड त्या स्त्रीची. येथवर सारे पुस्तकात आहे. पण किरणोपचार म्हणजे तीन ते सहा आठवडे जवळजवळ रोज यंत्राखाली जाणे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेल्या बाईला दादरच्या गाडगेमहाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळते का, सोबत राहणाऱ्या नवऱ्याची मजुरी बुडते ती कोण भरणार, घरी लहान मुले कोणाकडे, हे सारे तिच्या निवडीत येऊन बसते. ती जर म्हणाली की, मला पूर्ण शस्त्रक्रिया करून गावी जाऊ द्या, तर तिला अडाणी ठरविण्याचा कोणाला अधिकार नाही. तसेच, गावाकडची बाई आहे, तिला काय स्तनाचे कौतुक, असे गृहीत धरून तिला दुसरा मार्ग न सांगण्याचाही अधिकार कोणाला नाही. दोन्ही प्रकार घडतात, आणि दुसरा अधिक घडतो.

हृदयविकाराबाबत तर घराघरात एक समज पक्का आहे: नळात गाळ साचला, तो काढला की पाणी सुरळीत. डॉक्टरही ही उपमा मोकळेपणाने देतात. झटका आलेला असताना बंद पडलेली रक्तवाहिनी तत्काळ उघडणे जीव वाचविते, याबद्दल वाद नाही. परंतु चालताना छातीत भरून येते आणि थांबले की बरे वाटते, अशा स्थिर दुखण्याची गोष्ट निराळी. अमेरिकेतील एका पाहणीत, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, अशा दुखण्यासाठी अँजिओप्लास्टीला संमती दिलेल्यांपैकी ८८ टक्के रुग्ण असे मानून चालले होते की, तिच्यामुळे झटक्याचा धोका कमी होतो. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांपैकी बहुतेकांचे मत तसे नव्हते. २०२० साली ‘इस्किमिया’ या ५,१७९ रुग्णांच्या प्रयोगाचा, ज्यात भारतीय रुग्णही होते, निष्कर्ष आला: डाव्या मुख्य रोहिणीचा गंभीर अडथळा नसलेल्या स्थिर रुग्णांत आधी औषधोपचार केला तरी मृत्यू आणि झटके यांत ठळक फरक पडला नाही, वारंवार छातीत दुखणाऱ्यांचे दुखणे मात्र शस्त्रोपचाराने अधिक कमी झाले. म्हणजे विचारायचे ते, ‘दुखणे तुम्हाला किती नडते?’ आणि विचारले जाते ते, ‘विमा आहे का?’

येथे मी आपल्या परंपरेकडेही पाहिले पाहिजे, कारण रुग्णाला विचारणे ही पाश्चात्त्यांची नवी टूम आहे, आमच्याकडे वैद्यावर श्रद्धा असते, असा आक्षेप हमखास येतो. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. रोग्याच्या गुणांत वैद्याच्या सांगण्याप्रमाणे वागणे जसे त्याने घातले, तसेच आपली व्यथा नीट सांगता येणे हाही गुण घातला. पहिला गुण आमच्या रुग्णालयांना तोंडपाठ आहे. दुसऱ्यासाठी बाह्यरुग्ण विभागात वेळ नसतो. याच चरकात मृत्यूची चिन्हे कळली तरी वैद्याने ती सहसा बोलून दाखवू नयेत असाही उपदेश आहे, हे मी लपवीत नाही. परंपरा एकसुरी कधीच नसते.

श्रद्धेचा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. ‘डॉक्टरसाहेब, तुम्हीच काय ते ठरवा’ असे म्हणणारा रुग्ण मला रोज भेटत असे, आणि त्याला तक्ते दाखवून छळणे हा निर्दयपणा आहे. निर्णय सोपविणे हाही निर्णयच; फक्त काय सोपवीत आहोत हे त्याला ठाऊक हवे, आणि ज्याच्यावर सोपविले त्या डॉक्टरला त्या माणसाचे जगणे ठाऊक हवे. कुटुंबाचेही तसेच. जमीन गहाण टाकून पैसे आणणाऱ्या मुलाला बाहेर काढून बापाशी एकांतात बोला, असे सांगणारा माणूस आपला मुलूख ओळखत नाही. पण ‘बाबांना कर्करोग आहे हे सांगू नका’ असे मुलगा म्हणतो, तेव्हा बाबांना किती जाणून घ्यायचे आहे एवढे तरी आधी बाबांनाच विचारले पाहिजे. पुष्कळदा बाबांनी ते केव्हाच ओळखलेले असते आणि मुलाला वाईट वाटेल म्हणून ते गप्प असतात.

वेळेचा आक्षेप मात्र खरा आहे. सकाळच्या ओपीडीत शंभराच्या पुढे केसपेपर असताना कोण कोणाशी बोलणार? कोक्रेन संस्थेने २०१७ साली निर्णयास साहाय्य करणाऱ्या पत्रकांचे आणि चित्रफितींचे १०५ प्रयोग, एकतीस हजारांवर माणसांचे, तपासले. अशा साधनांनी माणसांचे ज्ञान वाढते, धोक्याचा अंदाज बरोबर येतो आणि आपल्याला काय हवे हे अधिक स्पष्ट होते, असे त्यात दिसले; आणि भेटीचा वेळ वाढला तो अडीच मिनिटांच्या आसपास. शंभर रुग्णांत अडीच मिनिटेही पुष्कळ होतात, हे मान्य; पण सर्वच रुग्णांपुढे निवडीचा प्रश्न नसतो, आणि हे काम डॉक्टरनेच केले पाहिजे असेही नाही. आपल्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक नावाचे पद आहे. त्याच्याकडून आज बहुतांशी योजनेच्या कागदपत्रांची पूर्तता करून घेतली जाते. हे मनुष्यबळ याच कामासाठी जन्मलेले आहे, असे मला वाटते.

आकडे कसे सांगावे, हाही विचार त्यात आला. १९९५ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो असा इशारा निघाला, स्त्रियांनी घाबरून गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी गर्भपात हजारोंनी वाढले. दुप्पट म्हणजे सात हजारांत एकाऐवजी दोन, एवढेच होते. ‘दुप्पट’ ऐकून कोणीही दचकेल. ‘सात हजारांत दोन’ हे मात्र ज्याने गावच्या जत्रेतली गर्दी पाहिली आहे त्याला समजते, त्यासाठी पदवी लागत नाही.

आता थोडे मागणे, आणि मी थांबतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या समित्यांत सामान्य नागरिक सभासद म्हणून बसतात, आणि २०२१ मध्ये तिने सामायिक निर्णयाविषयीच एक मार्गदर्शिका काढली. आपल्या राष्ट्रीय पातळीवरच्या समित्यांतही प्रत्येक मेजाशी तो रोग भोगलेली दोन माणसे बसली पाहिजेत, आणि त्यांच्या मताची नोंद दप्तरी राहिली पाहिजे. या सभागृहात रुग्णालयांचे विश्वस्त बसले आहेत. त्यांना कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. संमतिपत्र मराठीत छापा, शस्त्रक्रियेचे नाव लिहूनच पुढे करा, आदल्या दिवशी दुपारी द्या, एक प्रत रुग्णाकडे राहू द्या, आणि त्यावर पहिली सही रुग्णाची घ्या. तुमच्या रुग्णालयात वर्षभरात अशी किती पत्रके रात्री दहानंतर भरली गेली, हे एकदा दप्तर काढून पाहा.

आणि श्रोतेहो, आपण किंवा आपले कोणी दवाखान्यात जाल, तेव्हा जिवावरचा प्रसंग नसेल तर दुसरा मार्ग कोणता आणि काहीच केले नाही तर काय होईल, एवढे नम्रपणे विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने सुखावतो. जो रागावेल, त्याच्याकडून आपले कागद मागून घ्या. ते मागणीनंतर बहात्तर तासांत देण्याचा नियम २००२ पासून आहे. आणि दुसऱ्याचे मत घ्या.